पावणेनऊ आणि आठ सत्तेचाळीस

मुंबईत लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी सकाळच्या तासाभरात दोन प्रकारची वेळ येते. घरात तो म्हणतो, ‘पावणेनऊच्या आत स्टेशनात असलं पाहिजे.’ जिना उतरता उतरता मित्राला फोन लावतो तेव्हा विचारतो, ‘आठ सत्तेचाळीस लागली का रे?’ घड्याळावर या दोहोंत जेमतेम दोन मिनिटांचं अंतर. पण पावणेनऊ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी असतं: नऊ व्हायला थोडंच उरलंय, चहा घाईत प्यायला लागणार, डबा अजून भरायचाय. आठ सत्तेचाळीसमध्ये असलं काही दिसत नाही. ते गाडीचं नाव आहे. म्हणून तर ‘आठ सत्तेचाळीस आज आठ पंचावन्नला आली’ या वाक्यात मुंबईकराला काही विचित्र वाटत नाही.

घड्याळात पाहणं म्हणजे आकडा वाचणं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. दिवसातली वेळ माणूस मनात एक जागा म्हणून पाहतो. मागे काय गेलं, पुढे काय यायचंय, आणि या दोन खुणांच्या मध्ये आपण कुठे आहोत, हे त्याला दिसत असतं. आकडा हा त्या जागेचा पत्ता. पत्ता उपयोगाचा असतोच; पण शाळा, रेल्वे आणि खिशातला मोबाइल हे तिघेही आता फक्त पत्ता देतात. जागा दाखवण्याचं काम कुणाचंच राहिलेलं नाही, आणि त्याचा त्रास आपण रोज सोसतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. ज्यां-बातिस्त व्हान देर हेन्स्ट, लोर कार्ल आणि डॅन स्पर्बर या संशोधकांनी पॅरिसच्या रस्त्यांवर अनोळखी लोकांना किती वाजले ते विचारायला लावलं. काट्यांचं घड्याळ असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पाचच्या पटीत उत्तर दिलं. ते अपेक्षितच होतं, काटे पाहून नेमकं मिनिट सांगायला कष्ट पडतात. पण ज्यांच्या मनगटावर डिजिटल घड्याळ होतं, म्हणजे ज्यांना समोरचा आकडा फक्त मोठ्याने वाचायचा होता, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक लोकांनी तो आकडा मनात पाचच्या पटीत बसवून सांगितला. तयार उत्तर हातावर असताना त्यांनी जास्तीचं काम केलं. विचारणाऱ्याने ‘माझं घड्याळ लावायचंय’ असं म्हटलं की मात्र उत्तरं जास्त नेमकी येऊ लागली. वेळ सांगणारा माणूस समोरच्याला त्या वेळेचं काय करायचंय याचा अंदाज घेतो आणि तेवढ्याच बारकाईने सांगतो. आपल्याकडे पाच वाजून तेरा मिनिटं झाली असताना ‘सव्वापाच’ म्हणतात तेव्हा नेमकं हेच घडतं. या सवयीला कुणी ढिलाई म्हणतं, कुणी भारतीयांना वेळेची किंमत नाही म्हणून नाक मुरडतं. दोघांनाही ही गोष्ट समजलेली नाही. सव्वापाच हे उत्तर ऐकणाऱ्याला लगेच दिसतं, पाच तेराचं त्याला आधी सव्वापाच करून घ्यावं लागतं.

दिसतं म्हणजे खरोखर दिसतं. मनातल्या मनात सांगा: साडेचार आणि साडेआठ, यांपैकी कोणत्या वेळी दोन काटे एकमेकांच्या जास्त जवळ असतात? उत्तर देताना तुम्ही हिशेब केला नसणार, तबकडी पाहिली असणार. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पाइव्हिओ यांनी १९७८ साली असेच प्रश्न लोकांना घातले आणि उत्तराला लागणारा वेळ मोजला. दोन वेळांच्या काट्यांमधल्या कोनांत फरक जितका कमी, तितकं उत्तर उशिरा आलं. समोर खरी घड्याळं ठेवून डोळ्यांनी तुलना करताना जसं होईल तसंच. पुढे १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आणखी एक गंमत पाहिली. एक ते अकरा आकडे पट्टीवरच्या खुणा म्हणून डोळ्यांसमोर आणा असं सांगितलं, तर लहान आकड्यांना लोकांचा डावा हात चटकन उत्तर द्यायचा. तेच आकडे घड्याळावरचे तास समजा म्हटलं, की बाजू उलटायची. एक, दोन, तीन हे तास तबकडीच्या उजवीकडे असतात ना! आकडे तेच होते, मनातली जागा बदलली आणि हातही बदलला.

दवाखान्यात ही जागा मोडताना दिसते. स्मृतिभ्रंशाची शंका असली की डॉक्टर कागद देतात, गोल काढून त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगतात आणि मग म्हणतात, ‘अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांचे बाराच्या बारा आकडे गोलाच्या उजव्या अर्ध्यात दाटीने बसतात, कारण डावी बाजू त्यांच्या लेखी उरलेलीच नसते. दुसरी चूक मला अधिक विचार करायला लावते. काही रुग्ण एक काटा अकरावर ठेवतात आणि दुसरा दहावर. ‘दहा’ हा शब्द कानावर पडला, दहाचा आकडा समोर दिसला, हात तिकडे ओढला गेला. दहा मिनिटं दाखवायची तर काटा दोनच्या आकड्यावर न्यावा लागतो, म्हणजे ऐकलेला आकडा बाजूला ठेवून त्याची जागा शोधावी लागते. अकरा-दहा हीच वेळ चाचणीसाठी निवडण्यामागचं एक कारण हे आहे. थकलेला मेंदू आकड्याला चिकटतो, जागा त्याच्या हातून निसटते.

आता तिसरीच्या वर्गात डोकावा. तिथलं मूलही अकरा-दहाला काटा दहावर ठेवतं. त्याचा मेंदू उत्तम आहे, पण आपण त्याला आकड्यालाच चिकटायला शिकवलेलं असतं. लहान काटा तास, मोठा काटा मिनिटं, मोठा काटा ज्या आकड्यावर असेल त्याला पाचने गुणा. म्हणजे घड्याळ पाहायचं तर आधी पाचाचा पाढा यायला हवा! मूल गुणाकार करून ‘आठ पंचेचाळीस’ हे उत्तर काढतं, आणि आजीने ‘म्हणजे किती वाजले रे?’ विचारलं की गप्प बसतं. पावणेनऊ त्याला ठाऊक नसतं. आईवडील याचा दोष इंग्रजी माध्यमाला देतात. थोडा खरा आहे तो, पण मुळाशी आणखी काही आहे.

जुन्या मराठी शाळेत मुलं घड्याळाच्या कितीतरी आधी अपूर्णांक तोंडपाठ करत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्या मुलाचा रुपयाही चौथाईत मोडत असे: चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, मग बारा आणे, मग पुरा रुपया. शेर, मण, गज, सगळीकडे हाच व्यवहार. अशा मुलापुढे घड्याळ आलं की त्याला नवीन काही शिकायचं नसे. तबकडी चार भागांत कापलेला गोल होती, आणि चार भाग त्याच्या हाडीमाशी भिनलेले होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग मेट्रिक मापं आली. हिशेब सोपे झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. आठ आणे सहा पैची बेरीज-वजाबाकी पुन्हा कुणावर लादू नये. पण त्या दिवसापासून चौथाईचं राज्य आक्रसत गेलं. ते भाजीबाजारात उरलं, जिथे अजून पाव किलो भेंडी आणि दीड किलो कांदे मागतात, आणि घड्याळात उरलं. आता भाजीही मोबाइलवरून मागवली जाते आणि तिथे ‘२५० ग्रॅम’ लिहिलेलं असतं. त्यामुळे आजच्या मुलाला पावणेनऊ येत नाही तेव्हा त्याचा एक शब्द हुकलेला नसतो. पूर्णाच्या थोडं अलीकडे उभं राहून पूर्णाकडे पाहायची सवयच त्याला कुठे लागलेली नसते.

यावर उपाय म्हणून शब्दांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. मी शिक्षकांना सुचवेन की पहिले काही आठवडे मिनिटकाटा काढून टाका. वर्गातल्या पुठ्ठ्याच्या घड्याळावर फक्त तासकाटा ठेवा. युरोपातल्या जुन्या घंटाघरांवर कित्येक शतकं एकच काटा होता आणि गावांचे व्यवहार त्यावर बिनबोभाट चालले. तासकाटा आठ आणि नऊच्या मध्ये आहे, नऊच्या जवळ आलाय, पण टेकला नाही. किती वाजले असतील? पाढा न येणारं पहिलीतलं मूलही सांगेल, ‘नऊ वाजत आलेत.’ तिथे त्याला ‘याला पावणेनऊ म्हणतात’ एवढं सांगायचं. सगळी माहिती त्या एका काट्यात आहे. मिनिटकाटा तीच जागा मोठी करून दाखवतो, इतकंच. मूल आधी जागा पाहायला शिकलं, की मोठा काटा नंतर कधीही बसवता येतो, आणि मग अकरा-दहाला ते दहावर अडकत नाही.

‘पण आता काट्यांची गरजच काय?’ हा प्रश्न तरुण मंडळी विचारतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. औषधाची वेळ, ऑनलाइन परीक्षेची शेवटची मिनिटं, धावपटूचा सेकंदाचा शंभरावा भाग, इथे आकडाच हवा. आठ सत्तेचाळीस पकडणाऱ्यालाही आकडाच हवा. ‘पावणेनऊची लोकल’ असं कुणी म्हणालं तर फलाटावर गोंधळ माजेल. मी डिजिटल घड्याळाच्या विरुद्ध नाही. माझी तक्रार काट्यांच्या घड्याळाबद्दलही आहे. बारा तासांची तबकडी अर्धाच दिवस दाखवते आणि तोच दोनदा दाखवते. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा तिला सारखेच. जागा दाखवण्यात ती आकड्याहून सरस, पण अख्खा दिवस तिलाही दाखवता येत नाही. तो आपल्याला मनातच बांधावा लागतो, आणि प्रत्येक समाजाने तो आपापल्या परीने बांधलाय. पूर्व आफ्रिकेतले स्वाहिली भाषक सकाळी सात वाजता ‘पहिला तास’ म्हणतात, कारण त्यांचा दिवस उजाडल्यापासून मोजला जातो. जगाच्या वेळेला लावलेल्या घड्याळात तासकाटा सातावर असतो आणि ते समोरच्या बाजूचा एक वाचतात. उस्मानी तुर्कांच्या घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजत, आणि ही पद्धत तिथे १९२० च्या दशकात कायद्याने बंद होईपर्यंत टिकली.

आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा. त्याच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. बुडाला छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. जुन्या पंचांगात तिथी ‘अमुक घटी तमुक पळे’ अशी लिहिलेली असे, म्हणजे आज सूर्य उगवल्यानंतर इतका वेळ. तो आकडा एकटा निरर्थक होता. आज सूर्य कधी उगवला हे माहीत असलं तरच तो उघडे. या मोजणीत प्रत्येक वेळ कुठून तरी निघालेली असे, आणि रात्र कितीही सरली तरी ती त्याच दिवसाची रात्र असे. घटिकापात्र आता लग्नातही क्वचित दिसतं. हा दिवस मात्र आपल्या मनात शाबूत आहे, आणि तो नसल्याचं धरून चालल्यामुळे माणसांचं किती नुकसान होतं ते रेल्वेच्या तिकिटावर दिसतं.

लांब पल्ल्याची एखादी गाडी मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी सुटते. तिकिटावर छापलेलं असतं: १२ तारीख, ००.२०. प्रवासी बारा तारखेचा दिवस घरी घालवतो, संध्याकाळी सामान बांधतो, जेवतो, शेजाऱ्यांकडे किल्ली देतो आणि रात्री अकरा-साडेअकराला स्टेशनात हजर होतो. गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. त्याने ‘बारा तारखेच्या रात्री’ असं वाचलं होतं. तिकिटाला ‘अकरा तारखेची रात्र सरता सरता’ असं म्हणायचं होतं. अशी फजिती झालेला कुणी ना कुणी बहुतेक प्रत्येक मराठी घराच्या ओळखीत असतो. त्यात प्राध्यापक असतात, बँकेतले अधिकारी असतात. त्यांना चोवीस तासांचं घड्याळ येत नाही असं कोण म्हणेल? त्यांनी आकडा अगदी बरोबर वाचलेला असतो. पण मनातला दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत चालतो, रात्र ही त्याचं शेपूट आहे, आणि रेल्वे ते शेपूट मधोमध कापून अर्धं पुढच्या तारखेला जोडते.

या गोष्टीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी खगोलशास्त्रज्ञांकडे पाहावं. रात्रभर आकाश पाहणाऱ्या या मंडळींना मध्यरात्री तारीख बदलणं इतकं गैरसोयीचं वाटे, की १९२५ पर्यंत त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू होत असे, म्हणजे एका रात्रीच्या सगळ्या नोंदी एकाच तारखेखाली येत. त्यांची ज्युलियन दिवसगणना आजही दुपारीच पुढे सरकते. जपानमध्ये रात्री उशिराचे टीव्ही कार्यक्रम ‘२५ वाजता’ असे लिहिले जातात. मध्यरात्रीनंतरचा एक, पण कालच्याच दिवसातला.

माणसाच्या मनातल्या दिवसाला वरून धक्का दिला की काय होतं, हे मुंबईने चांगलंच अनुभवलंय. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. १८८१ मध्ये सरकारने शहरावर मद्रास वेळ आणायचा प्रयत्न केला आणि लोकांच्या विरोधापुढे दोन वर्षांत तो मागे घेतला. मग १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, म्हणजे मुंबईच्या घड्याळाने ३९ मिनिटांची उडी मारायची होती. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी मुंबई वेळेची बाजू लढवली. प्रमाणवेळेशेजारी ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू राहिला. तोवर वेळ सांगताना ती कोणती, हेही सांगावं लागे. इतिहासकार या संघर्षात वंगभंगानंतरचा राष्ट्रीय संताप पाहतात, आणि तो होताच. मला मात्र गिरणीत जाणाऱ्या माणसाचं म्हणणं स्वतंत्रपणे महत्त्वाचं वाटतं. त्याला सूर्य कुठे असताना घर सोडायचं हे माहीत होतं. गिरणीच्या घड्याळाने तीच वेळ दाखवून त्याला ३९ मिनिटं आधी अंधारात बोलावलं, तर आकडा तोच राहून जागा सरकत होती. ही सरकलेली जागा तो ओळखू शकला, कारण त्याला ती दिसत होती.

आपल्याला ती आता दिसत नाही. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साधारण बारा चाळीसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यावर बारा त्रेपन्नच्या आसपास. नागपूरला तो मुंबईआधी पंचवीस मिनिटं माथ्यावर येतो. रामजन्म मध्याह्नीचा, पण कितीतरी देवळांत घड्याळाच्या बाराला गुलाल उधळला जातो. यात भक्तीला उणेपणा येत नाही. पण मध्याह्न म्हणजे काय, हे अंगणात सावली पाहून सांगणारं मूल आज किती शाळांत सापडेल? एक काठी आणि मोकळी जागा एवढंच साहित्य लागतं. सर्वांत आखूड सावली कोणत्या वेळी पडते ते आठवड्यातून एकदा नोंदवायचं. वर्षभरात मुलांच्या वहीत त्यांच्या गावाची दुपार तयार होईल, आणि ती बारा वाजता नसते हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.

रेल्वेकडे माझी मागणी याहून सोपी आहे, आणि त्यासाठी नवं काही शोधायला नको. भिंतीवरचं कुठलंही मराठी कॅलेंडर काढा. तिथी मध्यरात्रीनंतर संपत असेल तर ती वेळ त्याच दिवसाच्या चौकोनात लिहून त्याआधी ‘उ. रात्री’ असं छापलेलं असतं, म्हणजे उत्तररात्री. कॅलेंडर छापणाऱ्यांना इंग्रजी तारीख कधी बदलते ते ठाऊक असतं, आणि वाचणाऱ्याचा दिवस कधी बदलतो तेही. रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यान सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तिकिटावर, आणि तिकीट काढल्यावर मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमध्येही, तारखेखाली एवढीच एक ओळ हवी: ‘१२ जून, ००.२०, म्हणजे ११ जूनच्या उत्तररात्री.’ मराठी माणसाला मराठीतून, बंगाली माणसाला बंगालीतून, ज्या प्रवाशाची जी भाषा असेल तिच्यातून.